वेळासच्या वाळूत वही घेऊन

आमच्या निसर्ग मंडळात सातवी ते नववीची मुलं रविवारी सकाळी टेकडीवर जमतात. पक्षी बघतात, झाडं ओळखतात, पावसाळ्याच्या तोंडावर बिया रुजवतात. सुरुवातीला उत्साह भरपूर असतो, पण दिवाळीनंतर एकेक जण गळू लागतो. नुसतं दाखवून मुलं टिकत नाहीत, त्यांच्या हाती खरं काम द्यायला हवं, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. यंदा मार्चमध्ये, शिमगा उरकल्यावर, बाराएक मुलं आणि तीन पालक असे आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला गेलो. जे काम गेली वीसेक वर्षं एका गावाने निभावलं आहे, ते तिथल्याच मुलांच्या बरोबरीने चार दिवस करून पाहायचं, एवढाच बेत होता.

वेळास हे मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव. इतिहासात ते नाना फडणवीसांचं गाव म्हणून ओळखलं जातं, पण आता त्याची ओळख कासवांमुळे आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री या किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात आणि परत समुद्रात जातात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इथे ही अंडी राखायला सुरुवात केली. तोवर अंडी खायला किंवा विकायला जात, उरलेली कुत्री-कोल्ही उकरून फस्त करत. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, गावकऱ्यांनी पाहुण्यांसाठी घरं उघडली, आणि वनखात्याच्या साथीने हे काम कोकणच्या इतर किनाऱ्यांवरही पोचलं.

पहिला दिवस : रिकामी टोपली

पुण्याहून पहाटे निघून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत जेवायच्या वेळेला वेळासला पोचलो. गाडीतून उतरल्याबरोबर दमट हवेने अंगाला वेढाच घातला. आमचं घर पोफळीच्या वाडीत होतं. पुढे शेणाने सारवलेलं अंगण, मागे विहीर. काकूंनी केळीच्या पानावर तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी आणि सोलकढी वाढली. ओले काजू मुलांनी कधी खाल्लेलेच नव्हते. "हे सोलायला किती वेळ लागतो?" असं एकीने विचारलं, तशी काकू तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि चिकाने काळी पडलेली आपली बोटं दाखवली. त्यानंतर पानात कुणीही काही टाकलं नाही.

काकूंची मुलगी आठवीत आहे. वडील कासवमित्र, म्हणजे कासवांची अंडी राखणारे. गावात आणि खात्यातही त्यांना याच नावाने ओळखतात. जेवण होताच ती आमच्या मुलांपाशी आली आणि म्हणाली, "तुमच्याकडे वह्या आहेत ना? मग दुपारी झोपू नका." तिच्याकडे स्वतःची एक लांबट वही होती. तारीख, घरट्याचा क्रमांक, अंडी किती, कुठे सापडली, कुणाला सापडली, पिल्लं कधी आली. वडील घरी येऊन सांगतात ते ती लिहून ठेवते. सरकारी नोंदवही वेगळी असते, ही तिची. आमची मुलं ती वही बराच वेळ चाळत बसली. एकाने विचारलं, "हे तुला कुणी करायला सांगितलं?" तिला तो प्रश्नच कळला नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. वाळूत जाळीचं कुंपण घातलेलं आवार आहे. ठिकठिकाणी सापडलेली अंडी तिथे आणून पुन्हा पुरतात. प्रत्येक घरट्यावर पाटी आणि क्रमांक. पिल्लं बाहेर यायची वेळ जवळ आली की घरट्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या आसपास टोपल्या उचलून बघतात, पिल्लं असली तर समुद्राजवळ नेऊन सोडतात. पाण्यापर्यंत दोर बांधलेले, दोरांच्या पलीकडे माणसं. त्या दिवशी गर्दी बरीच होती.

एकेक टोपली उचलली गेली. एकाही घरट्यात पिल्लू नव्हतं.

गर्दी कुरकुरली. कुणी म्हणालं, एवढ्या लांबून आलो. आमच्यातली सर्वांत लहान मुलगी रडवेली झाली. मला मात्र हा प्रसंग पहिल्याच संध्याकाळी आला हे फार बरं वाटलं. जंगलात जाऊन वाघ दिसला नाही की सहल फुकट गेली, असं मुलं मोठ्यांकडूनच शिकतात. ती सवय मोडायची असेल तर रिकाम्या टोपलीसमोर त्यांच्याबरोबर शांतपणे उभं राहावं लागतं. कासवमित्र काका कुंपणाचं दार लावून आमच्याकडे आले आणि म्हणाले, "पंचेचाळीस दिवसांपासून साठ दिवसांपर्यंत कधीही येतात. वाळू तापली की लवकर, गार राहिली की उशिरा. तुम्ही उद्या पहाटे साडेपाचला या. पण विजेरी पेटवायची नाही आणि मोबाइल घरी ठेवायचे."

रात्री अंगणात आजोबा बोलायला बसले. लहानपणी ते स्वतः अंडी काढायला जायचे, हे त्यांनी काही न लपवता सांगितलं. "माग बघत जायचं. मग काठी वाळूत खुपसायची. टोक ओलं, चिकट आलं की खाली अंडी." मुलं गप्प झाली. मग एकाने विचारलं, "आजोबा, मग तुम्ही थांबलात कधी?" आजोबा म्हणाले, "पोरगा राखायला लागला, मग मी कुठे चोरायला जाऊ?" पुढे ते असंही म्हणाले की सुरुवातीला माग कसा वाचायचा हे मुलाला त्यांनीच शिकवलं. मला त्या रात्री हे सर्वांत महत्त्वाचं वाटलं. किनारा ज्यांना वाचता येत होता त्यांना बाजूला सारलं असतं, तर हे काम वर्षभरही चाललं नसतं.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी इथेच सांगते. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच. घर आधी सांगून ठेवा, येताना रोख पैसे आणा, आणि निघण्याआधी यजमानांना विचारा की कुठली घरटी पिल्लं यायला झाली आहेत. तरीही खात्री कुणीच देणार नाही. मुलांना दोघांत एक अशी वही आणि शिसपेन्सिल द्या. समुद्राच्या दमट हवेत पेनाची शाई पसरते.

दुसरा दिवस : माग आणि मोजदाद

पहाटे किनाऱ्यावर धुकं होतं आणि वाळू पायाला गार लागत होती. गस्त म्हणजे किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, भरतीच्या रेषेच्या वरच्या अंगाने, खाली बघत चालणं. काका पुढे, मागे त्यांची मुलगी, मग आम्ही. हंगामात हे रोज असतं, पाहुणे असोत वा नसोत. काकांबरोबर गावातला एक कॉलेजात जाणारा मुलगाही होता. शिकायला बाहेरगावी असतो, पण हंगामात सुट्टी मिळाली की घरी येतो तो गस्तीसाठी.

उजाडता उजाडता त्या मुलीने हात वर केला. वाळूत पाण्यापासून वर गेलेला एक रुंद पट्टा होता, दोन्ही बाजूंना पंखांचे वल्ह्यासारखे ठसे, डावा पुढे तर उजवा मागे. ऑलिव्ह रिडले एकाआड एक पंख टाकत चालते, म्हणून तिचा माग असा उमटतो. आमच्या मुलांनी टेप लावून रुंदी मोजली, ७२ सेंटिमीटर. सगळ्यांना वाटलं, आता अंडी मिळणार. पण माग वर जाऊन वळला होता आणि तसाच परत पाण्यात गेला होता. मध्ये कुठेही खड्डा नाही, उडवलेली वाळू नाही. मादी आली होती आणि अंडी न घालताच परत गेली होती.

"का गेली?" यावर बराच वेळ चर्चा झाली. उजेड, कुत्री, माणसाची चाहूल, वाळू फार कडक किंवा फार कोरडी, यातलं काहीही असू शकतं. काकांनी स्वतःचं मत न देता मुलांनाच आजूबाजूला शोधायला लावलं. थोड्या अंतरावर कुत्र्याच्या पायांचे ठसे सापडले. ते आधीचे की नंतरचे यावर दोन मुलं भांडली. मग काकांच्या मुलीने दाखवलं की एका ठिकाणी कुत्र्याचा पंजा कासवाच्या मागावर उमटला आहे, म्हणजे कुत्रं नंतर आलं. "मग कुत्र्यामुळे गेली असं लिहायचं नाही," ती म्हणाली. आमच्या चष्मेवाल्याने लिहिलेलं खोडलं आणि लिहिलं : कारण समजलं नाही. मी इतकी वर्षं मुलांना निरीक्षण शिकवायचा प्रयत्न करते आहे, ते त्या चौदा वर्षांच्या मुलीने दोन मिनिटांत शिकवलं.

परत येईपर्यंत सात वाजत आले होते. दुसरीच टोपली उचलली आणि खाली पिल्लं होती. मोजून नऊ. काळपट, तळहाताहूनही लहान, अंगाला वाळू चिकटलेली. ती टोपलीत घेऊन काका पाण्याच्या बरेच अलीकडे थांबले आणि त्यांना वाळूवर सोडलं. थेट पाण्यात सोडत नाहीत, कारण या वाळूवरून स्वतः चालत जाणं त्यांच्यासाठी गरजेचं असतं. माद्या मोठ्या झाल्यावर ज्या भागात जन्मल्या तिथेच अंडी घालायला परततात, आणि ती ओळख जन्माच्या सुमारालाच पक्की होते असं मानतात.

एक पिल्लू उलटं फिरून आमच्याकडे येऊ लागलं. हात लावायचा नाही हे मुलांना ठाऊक होतं. सगळी जागच्या जागी थिजली. मग लाट आली, ते ओलं झालं, वळलं आणि गेलं. आठवीतल्या एकाने विचारलं, "यातली किती जगतील?" काकांनी सरळ सांगितलं, हजारात एखादंच मोठं होतं असं म्हणतात. "मग एवढं करून काय उपयोग?" काका म्हणाले, "पूर्वी हजारातलं एक पिल्लूसुद्धा पाण्यापर्यंत जात नव्हतं. अंडीच जात होती." रिडले मादी अंडी घालण्याजोगी व्हायला पंधराएक वर्षं लागतात. मी मुलांना म्हटलं, हिशोब करा. ती परत येईल तेव्हा तुम्ही अठ्ठावीस-तीस वर्षांचे असाल. त्यांनी हिशोब केला आणि मग उलटाही केला : २००२ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सोडलेल्यांपैकी कुणी जगलं असेल, तर ती मादी आता इथे येत असेल. हे मी सांगितलं नव्हतं.

नाश्त्याला घावणे आणि नारळाची चटणी होती. दुपारी वाळूवर पाय ठेववत नव्हता. त्या वेळी कॉलेजातल्या दादाने सावलीत बसून नकाशावर गोष्ट सांगितली. २०२२ मध्ये कोकणातल्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. वेळासला ज्या मादीला पहिलं यंत्र लागलं तिचं नाव प्रथमा, आंजर्ल्याची सावनी. पुढे २०२३ मध्ये गुहागरला आणखी दोघींना यंत्रं लावली, त्यातली बागेश्री दक्षिणेकडे जात श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि ओडिशात २०२१ मध्ये पंखाला पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. तोवर पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरच्या माद्या वेगवेगळ्या असाव्यात असाच समज होता. "ती पट्टी कुणीतरी वाचली म्हणून कळलं," दादा म्हणाला. चष्मेवाला लगेच म्हणाला, "म्हणजे गस्तीवाल्याने." दादाने फक्त मान हलवली.

वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, हेही त्यानेच समजावलं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर. म्हणून घरट्याची खोली, सावली, तापमान यांना महत्त्व आहे, आणि म्हणून नोंद नीट हवी. मुलांनी थर्मामीटर बघायला मागितला आणि दादाने तो हातात दिलाही.

संध्याकाळी जे पाहिलं ते पर्यटकांना सहसा दिसत नाही. ज्या घरट्यातून पिल्लं निघून गेली आहेत ते काही दिवसांनी उकरून आत काय उरलं याची मोजदाद करतात. उकरायचं काम कासवमित्रच करतात. आम्हाला मोजायला आणि लिहायला बसू दिलं. दीड हात खोल खड्ड्यातून काका एकेक गोष्ट वर काढत होते : फुटलेली टरफलं, न फुटलेली अंडी, वाटेतच मेलेली पिल्लं. वास भयंकर होता. दोन मुलं उठून लांब गेली. त्यांना कुणी बोलावलं नाही, थोड्या वेळाने ती आपण होऊन परत आली.

पुरताना ११२ अंडी मोजली होती. आमची बेरीज १०९ आली. मला वाटलं, टरफलांचे तुकडे होतात, दोन-तीन इकडेतिकडे व्हायचेच. पण सातवीतली आमची सर्वांत लहान, आदल्या संध्याकाळी रडवेली झालेली, म्हणाली, "परत मोजू." टरफलं पुन्हा दहा-दहाच्या ओळींत मांडली. तिघं एका बाजूने, तिघं दुसऱ्या बाजूने. या वेळी ९१ टरफलं आणि २१ न फुटलेली अंडी. ११२. आत तीन पिल्लं मेलेली होती आणि दोन जिवंत, मुळांत अडकलेली. म्हणजे ८६ आपली आपण वर आली होती. जिवंत दोघांना ओल्या वाळूत ठेवलं आणि अंधार पडायच्या आत सोडलं. त्या मुलीने सगळे आकडे काकांच्या मुलीच्या वहीत तिच्यासमोर लिहिले आणि खाली दोघींनी सह्या केल्या.

रात्री जेवताना कुणी पिल्लांबद्दल बोललंच नाही. सगळं बोलणं १०९ आणि ११२ बद्दल होतं. कुळथाचं पिठलं आणि गरम भात होता. मुलं अशी जेवली की काकूंना दुसऱ्यांदा भात लावावा लागला.

मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की पिल्लं सोडताना बघणं हा सहलीचा शेवट धरू नका. गस्तीला चालायला मिळेल का, मोजदाद बघता येईल का, हे आधी विचारा. समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. अंडी, पिल्लं, घरटी यांना परवानगीशिवाय हात लावायचा नसतो, हे मुलांना निघण्याआधीच समजावून द्या. आणि गट लहान ठेवा. पंधरा मुलांपलीकडे गेलं की गस्तीची मिरवणूक होते.

तिसरा दिवस : चिखलातली शाळा

सकाळी ओहोटीची वेळ साधून बाणकोटच्या खाडीकडे गेलो. वर हिंमतगड आहे, इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं होतं. खाली सावित्री नदी समुद्राला मिळते. गडाच्या तटावरून समुद्री गरुडाची जोडी दिसली, पोट शुभ्र पांढरं, पंखांची कड राखाडी. ब्राह्मणी घारी तर सारख्या फिरत होत्या.

काकांची मुलगी आज आमच्याबरोबर आली होती, आणि इथे देवाणघेवाणीची दिशा बदलली. पक्ष्यांची पंधरा मिनिटांची मोजणी आमची मुलं टेकडीवर नेहमी करतात : एका जागी उभं राहून दिसेल तो पक्षी आणि किती, एवढंच, आणि मग यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची. तिला ही पद्धत ठाऊक नव्हती. आमच्यातल्या दोघींनी तिला दुर्बीण धरायला, थव्याचा अंदाज घ्यायला शिकवलं. चिखल्या, तुतवार, शेकाट्या, वंचक, कुरवांचा थवा. तिला नावं नवी होती, पण कुठला पक्षी कुठल्या महिन्यात येतो आणि कधी जातो हे सगळं माहीत होतं. "हे लहान पांढुरके दिवाळीच्या आधी येतात," तिने चिखल्यांकडे बोट करून सांगितलं. आमच्या वहीत त्या जागी आजवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

दुपारी केळशीवरून आंजर्ल्याला. वाटेत समुद्र सतत डाव्या-उजव्या बाजूने डोकावत होता आणि वारा इतका की खिडकीतून टोपी उडाली. आंजर्ल्याच्या खाडीत कांदळवन आहे. होडीने आत गेलो. होडीवाले मामा गावचेच, बोलायला मोकळे. तिवराची वर आलेली श्वासमुळं, कांदळाची आधार देणारी मुळं, चिप्पी. यातली पांढरी चिप्पी २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित झाली. मामांनी होडी थांबवून कांदळाची लांब शेंगेसारखी रोपं दाखवली. बी झाडावर असतानाच रुजतं, खाली पडलं की चिखलात उभं राहतं, नाहीतर तरंगत दुसरीकडे जातं.

होडीतून उतरल्यावर मुलं गुडघाभर चिखलात गेली. निवट्यांनी त्यांना वेड लावलं. हा मासा ओहोटीला चिखलावर पंखांवर उड्या मारत हिंडतो, डोळे डोक्यावर. एका चौरस मीटरची दोरी टाकून आतली खेकड्यांची बिळं मोजायची, हा खेळ मुलांनी स्वतःच शोधला आणि पाण्याजवळ, मध्ये आणि झाडांच्या कडेला अशी तीन ठिकाणं धरली. मी काही सुचवलं नाही. आकडे तिन्ही ठिकाणी वेगळे आले. का, यावर मुक्कामी पोचेपर्यंत वाद चालला.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. खाडीच्या तोंडाशी कांदळाच्या मुळांत नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे अडकले होते. समुद्रात टाकून दिलेल्या अशा जाळ्यांत कासवं गुंततात, पंख तुटतात, बुडून मरतात. मुलांनी हाताला येतील तेवढे तुकडे काढले. मामा म्हणाले, "जाळं कुणी मुद्दाम टाकत नाही. फाटलं की ओझं होतं." मग त्यांनी मुलांना विचारलं, तुम्ही असता तर फाटलेलं जाळं घेऊन काय केलं असतं? मुलांनी किनाऱ्यावर जमा करायची जागा, विकत घेणारा कुणी, असं बरंच सुचवलं. मामा प्रत्येक गोष्टीवर खरोखर विचार करून उत्तर देत होते : हे जमेल, हे नाही, याला पैसे कोण देणार. कोळ्याशी बोलल्याशिवाय कासवाचं काम पुरं होत नाही, आणि आमच्या मुलांनी हे संभाषण मोठ्यांच्या मध्यस्थीशिवाय केलं.

चिखलात जाणार असाल तर जुने, घट्ट बांधता येणारे बूट घ्या. अनवाणी पायांना शिंपल्यांच्या कडा कापतात. ओहोटीची वेळ आदल्या दिवशी गावात विचारा, ती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. पाणी चढायला लागलं की मामा सांगतील तेव्हा लगेच निघायचं, "अजून पाच मिनिटं" म्हणायचं नाही.

चौथा दिवस : निघताना

सकाळी कड्यावरच्या गणपतीला गेलो. तिथून खाली माड, खाडी आणि लांबवर सुवर्णदुर्ग दिसतो. दर्शन झाल्यावर मुलं पायऱ्यांवरच बसली आणि स्वतःची बैठक घेतली. मी आणि पालक जरा लांब बसलो, ऐकू येईल इतक्या अंतरावर.

त्यांचं ठरलं ते असं. टेकडीवर येऊन दरवेळी नवीन काही बघायचं नाही. टेकडीवरचं एक पाणवठ्याचं डबकं निवडायचं आणि दर रविवारी तिथेच पंधरा मिनिटं पक्षी मोजायचे, कुणी आलं नाही तरी ज्याची पाळी असेल त्याने जायचं. पाळ्यांचा तक्ता चष्मेवाल्याने तिथल्या तिथे आखला. पावसाळ्यात बेडकांचे आवाज, हिवाळ्यात पाहुणे पक्षी. परीक्षेच्या आठवड्यात दोघांऐवजी एकाने गेलं तरी चालेल, यावर मतदान झालं आणि ठराव फेटाळला गेला.

वेळासच्या मुलीशी त्यांचं आणखी एक ठरलं आहे. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ डॉ. सलीम अलींचा. त्या आठवड्यात इकडे टेकडीवर आणि तिकडे बाणकोटच्या खाडीवर एकाच वेळी मोजणी करायची, सकाळी सात ते सव्वासात. तिला दुर्बीण हवी म्हणून मंडळाकडची एक जुनी आम्ही तिथेच ठेवून आलो आहोत. ती शाळेतल्या आणखी चौघांना जमवणार आहे.

परतीचा रस्ता उन्हाचा आणि लांब. माणगावपर्यंत निम्मी मुलं झोपली होती. घरी आल्यावर पहिल्या रविवारी ज्यांची पाळी होती ते दोघं डबक्यावर सात वाजता हजर होते. मी सव्वासातला पोचले, तेव्हा त्यांची मोजणी संपत आली होती आणि त्यांनी मला हातानेच गप्प राहायला सांगितलं. नंतर वही दाखवली. सात जाती, एकवीस पक्षी, आणि एका पक्ष्यापुढे लिहिलं होतं : ओळख पटली नाही, पुढच्या रविवारी पुन्हा बघणे.